तिकीट काढणाऱ्याचे मत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चित्रपटांवर आपल्या वर्तुळात जी चर्चा होते ती बहुधा दिग्दर्शकाची, लेखकाची आणि त्यांच्या सामाजिक आशयाची. त्या चर्चेत एक माणूस सहसा नसतो. तो म्हणजे खिडकीवर तिकीट काढून आत जाऊन बसणारा. तो समीक्षक नाही, फिल्म सोसायटीचा सभासद नाही, नटनट्यांच्या मागे लागलेला शौकीनही नाही. वर्षाकाठी चार-सहा चित्रपट तो पाहतो, तेही हाती पैसा आणि सवड दोन्ही एकदम आली तर. आज भक्तिपट, पुढल्या महिन्यात मारामारीचा, दिवाळीत घरच्यांना घेऊन विनोदी, असा त्याचा क्रम. बाहेर पडल्यावर त्याचे मत दोन-तीन शब्दांत आटोपते: ‘बरा आहे’, ‘डोकं उठलं’, ‘एकदा बघायला हरकत नाही’, आणि सर्वांत मानाचे म्हणजे ‘पैसे वसूल’.

या शेवटच्या शब्दांना सुशिक्षित मंडळी हसतात. अर्थशास्त्र शिकलेल्याने तरी हसू नये. बाजारात गृहिणी वांगे दाबून पाहते, खरबूज हुंगून पाहते, कापड चुरगळून पाहते आणि मग पैसे मोजते. चित्रपट हा असा माल आहे की त्याची किंमत आधी द्यावी लागते आणि चव नंतर कळते. नासका निघाला तर परत करण्याची सोय नाही. शिवाय तिकिटाबरोबर एक संध्याकाळ खर्च होते, आणि आठवड्याला एकच सुटी असणाऱ्याच्या लेखी ती तिकिटापेक्षा महाग असते. असा व्यवहार करणारा माणूस दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो, आणि त्याचा शब्द तिसऱ्याला उपयोगी पडतो. ‘पैसे वसूल’ म्हणजे एका ग्राहकाने दुसऱ्याला दिलेला दाखला होय.

हा प्रेक्षक सर्व चित्रपटांना एकच माप लावीत नाही, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. भक्तिपटाला तो जातो तेव्हा छायाचित्रणाचा दर्जा त्याच्या मनातही येत नाही. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ हा अल्प खर्चात काढलेला चित्रपट आला. लोकांनी चित्रपटगृहात पादत्राणे बाहेर काढली, पडद्यावर फुले आणि नाणी उधळली. पुरोगामी मंडळींनी कपाळाला हात लावला. परंतु भक्तिपट म्हटला की प्रेक्षक डोळे मिटून माना डोलावतो, हा समज खरा नाही. पौराणिक चित्रपट शेकड्यांनी निघाले आणि बहुतेक विसरले गेले. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि आजही पाहिला जातो. त्यात चमत्कार आहेत, पुष्पक विमानही आहे. पण विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाशेजारी गौरीबाईंची जिजाई उभी आहे. पोरांच्या तोंडात काय घालायचे हे विचारणारी, विठोबावर करवादणारी, हाताने राबणारी. दामले-फत्तेलालांनी वैकुंठ दाखविले, पण चूल विझू दिली नाही. सामान्य बाईला तो चित्रपट आपला वाटला तो या चुलीमुळे. भक्ती सर्वच भक्तिपटांत होती. घरात दाणा नसल्याची काळजी फार थोड्यांत होती.

मारामारीच्या चित्रपटाचे माप वेगळे. तेथे तो ‘हे खरे आहे काय’ असे विचारीत नाही. एक माणूस दहांना लोळवीत नाही हे गोदीतल्या हमालाला प्राध्यापकापेक्षा अधिक ठाऊक असते. तो पाहतो ते न्यायाचे गणित. ‘दीवार’ याच १९७५ सालचा. त्यातला बाप कामगारांचा पुढारी आहे. मालक त्याच्या बायकामुलांच्या जिवाची भीती घालून त्याच्याकडून करारावर सही घेतात आणि कामगारच त्याच्यावर उलटतात. मुलगा गोदीत हमाली करतो, मग चोरट्या मालाच्या धंद्यात शिरतो. दुसरा मुलगा पोलीस अधिकारी होतो. संघटनेच्या जागी एकट्याचा सूड आणून बसविला, ही आपल्या बाजूने झालेली टीका बरोबर आहे. तरी प्रेक्षकाचे मत त्याहून गुंतागुंतीचे होते. आई कायद्याच्या बाजूला उभी राहिली हे त्याला पटले, आणि मुलगा मेला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणीही आले. कायदा योग्य आहे पण तो आपल्या दारी उशिरा येतो, ही दोन्ही मते त्याने एकाच वेळी बाळगली. आपल्या प्रचारपुस्तिकांना हे क्वचितच साधते.

‘शोले’ची हकीकत याहून बोलकी आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला, तेव्हा आणीबाणीला दोन महिनेही झाले नव्हते. मूळ शेवटात हात तोडलेला ठाकूर गब्बरसिंगाला स्वतः ठार करतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा हे सेन्सॉरला रुचले नाही. तेव्हा ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बर त्यांच्या हवाली होतो, असा शेवट करावा लागला. ज्या काळात नागरिकांचे हक्क स्थगित होते त्याच काळात पडद्यावर कायद्याची एवढी चाड! मूळ शेवटाची प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखविण्यात आली. प्रेक्षकाने मात्र बदललेला शेवट पन्नास वर्षे पाहिला आणि त्याला फारसे महत्त्वच दिले नाही. त्याच्या बोलण्यात राहिले ते दोन उपऱ्यांनी भाडोत्री म्हणून येऊन गावासाठी जीव धोक्यात घालणे, आणि घाबरलेले गाव. या चित्रपटाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

विनोदाच्या बाबतीत आपल्या चळवळीचा स्वतःचा धागा आहे. दादा कोंडके आणि निळू फुले हे दोघेही राष्ट्र सेवा दलाच्या सांस्कृतिक कामातून आलेले. ‘सोंगाड्या’ १९७१ साली आला आणि गिरणगावातल्या माणसाला पडद्यावर आपल्यासारखा बोलणारा नायक मिळाला. मध्यमवर्गाने द्व्यर्थी संवादांबद्दल नाक मुरडले. यात ढोंग होते तसे तथ्यही होते. भोळ्या नायकाला हसणे म्हणजे स्वतःच्या बावळेपणाला हसणे, येथवर ठीक. पण पुढल्या चित्रपटांतून विनोदाचा सारा भार बाईच्या अंगावर पडत गेला, आणि तेथे प्रेक्षकाचे हसणे निरागस होते असे म्हणणे म्हणजे त्याची खुशामत होईल. सामान्य माणसाच्या मताचा आदर करणे आणि त्याचे प्रत्येक मत बरोबर मानणे या दोन गोष्टींत अंतर आहे.

निळू फुले यांच्या वाट्याला आले ते निराळेच. खेड्यापाड्यांतील बाया त्यांना प्रत्यक्षात पाहिल्यावर शिव्याशाप देत, हे त्यांच्याबाबत अनेकदा सांगितले गेले आहे. नट आणि भूमिका यांतला फरक अडाणी प्रेक्षकाला कळत नाही, असा याचा अर्थ लावला जातो. अर्थ दुसराही लागतो. पांढरे कपडे, सरळ न पाहणारी नजर, हलक्या आवाजात दिलेली धमकी: हा माणूस त्या बायांनी पडद्यावर प्रथम पाहिलेला नव्हता. तो त्यांनी सोसायटीच्या कचेरीत, कारखान्याच्या फाटकाशी, निवडणुकीच्या आदल्या रात्री पाहिलेला होता. तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’मध्ये साखर कारखान्याच्या जोरावर माजलेला हिंदुराव धोंडे पाटील त्यांनी उभा केला. मारुती कांबळेचे पुढे काय झाले, हा मास्तरांचा प्रश्न त्या चित्रपटातून निघून महाराष्ट्राच्या बोलण्यात गेला, तो समीक्षकांच्या लेखांतून गेला नाही.

‘अशी ही बनवाबनवी’चे (१९८८) उदाहरणही घेता येईल. घर भाड्याने मिळावे म्हणून दोन तरुण पुरुषांनी लुगडी नेसायची, ही त्याची कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली. जागेची टंचाई बावीस वर्षांनंतरही तशीच होती, म्हणून विनोद शिळा झाला नाही. घरांच्या प्रश्नावर पक्षाने किती ठराव केले ते दप्तरात आहेच. पोट धरून हसणाऱ्या प्रेक्षकाला ठराव माहीत नव्हते, घरमालकिणीच्या अटी मात्र पाठ होत्या.

आता रडविणाऱ्या चित्रपटांकडे. ‘माहेरची साडी’ १९९१ साली आला आणि गावोगावच्या बायका लोटल्या. शहाण्यांनी टवाळी केली, रुमाल भिजविण्याचे हिशेब मांडले. बापाचा राग आणि सासरचा छळ मुकाट्याने सोसणारी नायिका हा आदर्श घातक आहे, यात शंका नाही. परंतु ‘अगदी आमच्यासारखंच दाखवलंय’ असे म्हणत जी बाई बाहेर पडली, तिने चित्रपटाच्या उपदेशावर शिक्कामोर्तब केले असे समजण्याचे कारण नाही. तिने वस्तुस्थितीवर शिक्का मारला होता. आपल्या महिला कार्यकर्त्यांना तिच्या घरात शिरण्यास इतके मोठे दार दुसरे मिळाले नसते. ते आपण टवाळीने लावून घेतले.

याच्या उलट टोकाला ‘उंबरठा’ (१९८२). शांता निसळ यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात स्मिता पाटील यांची सुलभा संसार व लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाच्या कामासाठी जाते. चळवळीतल्या मंडळींना तो आवडला. सहज म्हणून गेलेल्या बाईचा पहिला प्रश्न असे, ‘आणि पोरीचं काय?’ हा प्रश्न सनातनी म्हणून झटकून टाकण्यात आला. वास्तविक तो धुणीभांडी करणारीचा, गिरणीत जाणारीचा, शिक्षिकेचा रोजचा प्रश्न आहे. बाई कामावर गेली तर मूल कोणी सांभाळायचे, पाळणाघर कोणी चालवायचे, याचे उत्तर समाजाने दिलेले नाही. सुलभाच्या श्रीमंत सासरी मुलीला सांभाळायला माणसे होती. प्रश्न विचारणारीच्या घरी नव्हती.

कलात्मक म्हणविल्या जाणाऱ्या चित्रपटांवर त्याचा शेरा एका शब्दाचा असतो: ‘संथ’. यावरून त्याला संथपणा सोसत नाही असे अनुमान काढले जाते, आणि ते चुकीचे आहे. श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ १९७६ साली गुजरातेतील पाच लाख दूध-उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन निर्माण केला, आणि तो पाहण्यास ते ट्रक भरभरून आले. दुधाची प्रत आणि त्याचा भाव, गावच्या सोसायटीत दलितांचे मत: विषय रूक्ष, मांडणी सावकाश. पण दूध त्यांचे होते आणि चित्रपटही. अलीकडचे उदाहरण नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चे (२०१६). पूर्वार्धात प्रेक्षक खुर्च्यांमधल्या वाटेत नाचले, नाणी उधळली. उत्तरार्धात तोच चित्रपट झोपडपट्टीतल्या भाड्याच्या खोलीत, डोशाच्या गाडीवर, नवराबायकोच्या संशयात रेंगाळतो, आणि शेवटच्या काही मिनिटांत आवाजच नाहीसा होतो. जवळजवळ तीन तासांचा हा चित्रपट कोणी संथ म्हणून टाकला नाही. नाचायला आलेली तरुण मुले जातीने केलेला खून पाहून मुकाट्याने बाहेर पडली. त्याच मंजुळ्यांच्या ‘फँड्री’ने तेच सांगितले होते, पण तो पाहण्यास गेले ते बहुतांशी आधीच पटलेले लोक.

येथवर प्रेक्षकाच्या मतांविषयी झाले. खरा प्रश्न ही मते मोजली कशी जातात, हा आहे. आणि तो अर्थकारणाचा आहे.

पूर्वी चित्रपटाचे यश आठवड्यांनी मोजीत. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव. हे माप निर्दोष नव्हते. चित्रपटगृह भाड्याने घेऊन रिकाम्या खुर्च्यांपुढे महोत्सव साजरे करणारे निर्मातेही होते. पण त्या मापात काळ होता. सामान्य माणूस पहिल्या दिवशी जात नाही. तो पगार होईपर्यंत थांबतो, शेजारी काय म्हणतो ते ऐकतो, पाहुणे आले की जातो. ‘शोले’ पहिल्या दोन आठवड्यांत पडला असे धंद्यातल्या जाणत्यांनी ठरवून टाकले होते. शेवट बदलून पुन्हा चित्रीकरण करावे काय, असाही विचार झाला. मग पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगितले, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक मुक्काम करून राहिला. तोंडी मताला गावभर फिरून यायला पंधरा दिवस लागले, आणि ते त्याला मिळाले.

आता माप कोटी रुपयांचे आहे आणि मुदत शुक्रवार ते रविवार. २००८ सालच्या ‘गजनी’पासून शंभर कोटींचा आकडा हीच पदवी झाली. या बदलात काय घडले ते साध्या गुणाकाराने कळेल. समजा, एका चित्रपटाची तीनशे रुपयांची एक हजार तिकिटे खपली आणि दुसऱ्याची पन्नास रुपयांची पाच हजार. पहिल्याचा गल्ला तीन लाख, दुसऱ्याचा अडीच लाख. पहिला यशस्वी ठरला, दुसरा मागे पडला. माणसे मात्र दुसऱ्याला पाचपट आली होती. अर्थशास्त्रात परिणामक मागणी म्हणतात ती हीच: ज्याच्या इच्छेमागे पैसा नाही त्याची इच्छा बाजाराला ऐकू येत नाही. निवडणुकीत एका माणसाला एक मत. गल्ल्यावर एका रुपयाला एक मत. पुढचा चित्रपट कोणासाठी काढायचा हे त्या मोजणीवर ठरते. तेव्हा चित्रपट गावातून नाहीसे होऊन विमानतळावर आणि परदेशी लग्नसमारंभात जाऊन बसले, याचे खापर प्रेक्षकाच्या अभिरुचीवर फोडणे अन्यायाचे आहे. त्याला विचारलेच कोणी नव्हते.

आणि हे आपोआप घडले नाही. देशातले पहिले बहुपडदा चित्रपटगृह १९९७ साली दिल्लीत निघाले. महाराष्ट्र शासनाने २००१ साली अशा चित्रपटगृहांना सुरुवातीच्या वर्षांसाठी करमणूक करात भरघोस सवलत दिली; गावातले जुने एकपडदा चित्रपटगृह मात्र कर भरीत राहिले. गरिबाच्या बाकावर कर आणि श्रीमंताच्या आरामखुर्चीला माफी, अशी ही रचना होती. १९८२च्या संपानंतर गिरणगाव उठले, त्याबरोबर तेथला स्वस्त तिकिटाचा प्रेक्षकही पांगला. २०२३ साली तर देशातील दोन सर्वांत मोठ्या बहुपडदा कंपन्या एक झाल्या. मक्तेदारीविषयी पूर्वी आपण पोलाद आणि सिमेंटच्या संदर्भात बोलत असू.

उपाय झाले नाहीत असे नाही, पण ते अर्धे राहिले. २०१५ साली बहुपडदा चित्रपटगृहांनी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवावा असे शासनाने जाहीर केले, आणि थोड्याच दिवसांत ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली गेली. भर दुपारचा खेळ कामकरी माणसाने कसा पाहावा? २०१७च्या वस्तू व सेवा करात शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर २८ टक्के कर होता. पुढे हे दर खाली आणले गेले आणि २०२५ साली स्वस्त तिकिटावरचा कर ५ टक्क्यांवर आला. तत्त्व ठीक आहे. परंतु शंभराच्या आतली खुर्चीच शहरात शोधावी लागत असेल तर सवलत कोणाला पोचणार? कर्नाटक शासनाने २०२५ मध्ये तिकिटाला दोनशे रुपयांची कमाल मर्यादा घातली. चित्रपटगृहवाले न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली.

यावर कोणी म्हणेल की आता हातात फोन आहे, चित्रपट घरबसल्या दिसतो, चित्रपटगृहाचे काय अडले आहे? २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि पाहणे वाढले, हे खरेच आहे. त्याविरुद्ध रडण्यात अर्थ नाही. पण फोनवरचा प्रेक्षक एकटा पाहतो, दहाव्या मिनिटाला सोडून देतो, आणि त्याने कोठे सोडले याचा हिशेब कंपनीकडे जमा होतो. त्याचे मत नोंदले जाते, पण शेजाऱ्याला ऐकू जात नाही. ‘सैराट’च्या शेवटी जी शांतता पसरली तिला चारशे माणसे एका जागी असावी लागली.

केरळात १९७५ साली राज्याचे चित्रपट विकास महामंडळ स्थापन झाले. त्याची स्वतःच्या मालकीची चित्रपटगृहे आहेत, आणि तिरुवनंतपुरमची ‘कैरळी’, ‘श्री’, ‘निळा’ ही नावे तेथल्या सामान्य प्रेक्षकाच्या तोंडी आहेत. महाराष्ट्रात महापालिकांनी आणि नगरपालिकांनी नाट्यगृहे बांधली आहेत. प्रयोग नसेल त्या दिवशी तेथे पन्नास रुपयांत चित्रपट दाखवावा, आणि खेळ सायंकाळी सात वाजता, कामावरून परतलेल्याला गाठता येईल असा असावा, एवढी मागणी आपल्या नगरसेवकांना पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी करता येण्यासारखी आहे. त्याची वाट न पाहता शाखांनी भिंतीवर पडदा टांगून खेळ लावावेत. त्यात ‘कोर्ट’ असावा तसा ‘सोंगाड्या’ही असावा. खेळ संपल्यावर व्याख्यात्याने उभे राहण्याची आपली पद्धत आहे. तेथे आधी तिकीट काढून आलेल्या चार-पाच जणांना बोलू द्यावे, आणि बायकांच्या बाजूने कोणी ‘पोरीचं काय?’ असे विचारले तर तो प्रश्न टिपून घ्यावा.